ताटातली चपाती कमी करण्याआधी गोळ्यांची पिशवी उघडा

पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून ओपीडीत बसायला लागलात की हा प्रश्न येणारच: "मॅडम, लो-कार्ब केलं तर माझी शुगर सुटेल का?" एम.एस्सी. करून आलेल्यांना कर्बोदकं आणि एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) मी समजावत बसत नाही. थेट सांगते. टाइप 2 मधुमेहात कर्बोदकं कमी केल्याचा फायदा होतो आणि तो लवकर दिसतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2019 च्या अहवालात हे स्पष्ट मान्य केलं आहे. 2021 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात सहा महिन्यांनी लो-कार्ब गटातल्या 57 टक्के लोकांचं एचबीए1सी 6.5 च्या खाली होतं, दुसऱ्या गटात 31 टक्के. वर्षभरानंतर मात्र हा फरक बराच ओसरतो, कारण माणसं तो आहार टिकवू शकत नाहीत. दोन्ही गोष्टी पेशंटला सांगा. फक्त पहिली सांगितलीत, तर वर्षाने तो तुमच्याकडे परत येणार नाही.

आपल्याकडे सुरुवातच वरच्या पातळीवरून होते. अठराशे कॅलरीतल्या साठ टक्के कर्बोदकांतून आल्या, तरी 270 ग्रॅम झाले. लो-कार्ब म्हणायचं तर दिवसाला 130 च्या खाली यावं लागतं. पहिल्याच भेटीत तिथे उडी मारायला लावू नका. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीचा 2022 चा अभ्यासही भारतीयांसाठी कर्बोदकं एकूण कॅलरीच्या निम्म्याच्या आसपास आणून प्रथिनं वाढवण्याबद्दलच बोलतो. आणि "मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्याला सोडून देऊ नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिश माणसाची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकराची 21.2.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माझ्याकडे आलेले एक काका, बँकेतून निवृत्त, सिंहगड रोडला राहणारे. अतिशय शिस्तीचे. सकाळी तीन चपात्या आणि दिवसभरात अमृततुल्यचे चार-पाच चहा, ते सगळं त्यांनी दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. चपात्यांच्या जागी दोन अंडी, मटकीची उसळ आणि ताक. आहार उत्तम होता. तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला मंडईत भाजी घेताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, सुट्टे पैसे मोजता येईनात. काकूंना वाटलं बीपी. शेजारच्या मेडिकलवाल्याने ग्लुकोमीटर लावला: साखर 52, म्हणजे फारच खाली. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं आणि माणूस सावरला.

त्यांच्या फाइलमध्ये काय लिहिलं होतं? "ओएचए चालू." एवढंच. साखरेच्या गोळ्या चालू आहेत. कोणत्या, किती, कधी, काही नाही. मी विचारल्यावर काका म्हणाले होते, "फक्त मेटफॉर्मिन." ते खोटं बोलत नव्हते. गोळी एकच होती, पण तिच्यात मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड होतं.

हे नीट डोक्यात बसवा. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधं स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता. डॉक्टरांनी तो डोस तीन चपात्यांच्या हिशेबाने बसवलेला असतो. तुम्ही चपात्या काढता, गोळी तशीच राहते. परिणाम दिवसभर टिकतो, म्हणून साखर दुपारी पडेल किंवा रात्री झोपेतही. वय जास्त असेल, किडनी मंदावलेली असेल, तर अजून जपून. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर हे सगळं दुप्पट लागू.

म्हणून "औषधं कोणती?" असं तोंडी विचारू नका. घरातली गोळ्यांची अख्खी पिशवी आणायला लावा. स्ट्रिप उलटी करा, ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात जे लिहिलंय ते वाचा. नावापुढे एखादं अक्षर किंवा आकडा जोडलेला दिसला की आत दोन-तीन औषधं असतील असं धरूनच चला. डोस बदलणं आपलं काम नाही, पण चिठ्ठी लिहिणं आहे: "या तारखेपासून कर्बोदकं साधारण निम्मी होणार आहेत, ग्लिमेपिराइडचा डोस कृपया बघावा." डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. पेशंट चिडेल, चिडू दे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीतून साखर बाहेर टाकणारी औषधं) दिसलं तर आणखी सावध. 2020 मध्ये पेटंट संपल्यापासून डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झालं आणि सर्रास दिलं जातं. त्यावर असताना कर्बोदकं फारच कमी केली तर साखर दोनशेच्या खाली असतानाही रक्तात आम्ल साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं, आणि मीटर म्हणतो सगळं ठीक. थेट हॉस्पिटलला पाठवा. टाइप 1 च्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा पेशंटवर एकट्याने प्रयोग करूच नका.

घाबरलात? इतकं घाबरायचं कारण नाही. पिशवी उघडायची सवय लागली की बाकीचं काम आनंदाचं आहे. बरेचसे पेशंट "ज्वारीची भाकरी चालते ना" म्हणत तीन-तीन खातात. गहू काय, ज्वारी काय, 100 ग्रॅम पिठात 65 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेतच. एक भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, वाटीभर पालेभाजी, पनीर किंवा अंडं, एवढ्यावर बसवलं तरी जेवणानंतरची साखर उतरताना दिसते. चतुर्थीच्या साबुदाण्यावर मात्र मी तडजोड करत नाही, तो जवळपास निव्वळ स्टार्च आहे. उपासाला दही, शेंगदाणे, राजगिरा द्या.

इन्स्टाग्रामवर तयार चार्ट विकणाऱ्यांकडे शिकायला जाऊ नका. जो गुरू पहिल्याच आठवड्यात तुम्हाला प्रोटीन पावडरचा डबा विकायला लावतो, त्याच्याकडून निघा, स्टायपेंड कितीही असो. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते वॉर्डातल्या एका सिस्टरने, जिला रात्री तीनला कुणाची साखर का पडली हे औषधाच्या ट्रेवरून सांगता यायचं. आरडीच्या (रजिस्टर्ड डायटिशियन) परीक्षेआधीची इंटर्नशिप नुसत्या किचनमध्ये घालवू नका. डायबेटिस ओपीडी मागून घ्या. आणि परवानगी मिळाली तर हॉस्पिटलच्या मेडिकलच्या काउंटरमागे थोडे दिवस उभ्या राहा. मधुमेहाची कोणती गोळी कोणत्या नावाने विकली जाते हे तिथे जितकं लवकर पाठ होतं, तितकं पुस्तकातून होत नाही.