किनाऱ्यावरून बिनतारी संच ऐकताना या चुका टाळा

सागर रक्षक दलाच्या चौकीत, मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात किंवा शिडाच्या बोटींच्या क्लबात संचासमोर बसणाऱ्या स्वयंसेवकाचे काम ऐकणे, लिहून घेणे आणि ऐकलेले विनाविलंब योग्य ठिकाणी पोहोचवणे एवढेच असते. समुद्रातील शोध आणि बचावाची सूत्रे तटरक्षक दलाच्या मुंबईतील सागरी बचाव समन्वय केंद्राकडे असतात आणि त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे. ब्रिटनमध्ये १९९४ साली नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशन ही स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली, ती कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर नुकत्याच बंद झालेल्या टेहळणी चौकीखालीच दोन मच्छीमार बुडाल्यानंतर. तिचे लोक आजही दुर्बीण आणि संच घेऊन बसतात, पण बचावाची बोट सोडायची की नाही हे ते ठरवत नाहीत. ते फक्त तटरक्षकांना कळवतात. आपल्याकडे होणाऱ्या बहुतेक चुका ही मर्यादा विसरल्यामुळे होतात.

परवान्याबाबतची गफलत

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना असलेले अनेक जण उत्साहाने या कामात येतात आणि त्यांचा कान तयार असल्याने ते उपयोगीही पडतात. मात्र भारतात हॅमला मिळणारा दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आहे, तर सागरी व्हीएचएफचे, म्हणजे नौकांसाठीच्या जवळ पल्ल्याच्या रेडिओचे, संकटाच्या हाकेसाठी असलेले चॅनल १६ हे १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे. एखादा संच दोन्हीकडे चालतो म्हणून त्याचा परवानाही दोन्हीकडे चालत नाही. संकटातील नौकेने किंवा तिला मदत करणाऱ्याने हाती असेल ते साधन वापरावे, अशी मुभा आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत आहे. ती प्राण वाचवण्यासाठी आहे, रविवारच्या सरावासाठी नाही. ज्या संचावर बसायचे तो कोणाच्या परवान्याखाली आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

माइक उचलण्याची घाई

‘मेडे’ हा प्राणसंकटाच्या हाकेचा शब्द कानावर पडताच हात माइककडे जातो, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. चॅनल १६ वर एका वेळी एकानेच बोलता येते, आणि या पद्धतीच्या प्रसारणात दोन आवाज एकाच वेळी आले तर जोरकस संकेत दुबळ्या संकेताला पुरता दाबून टाकतो. बुडत्या होडीतील हँडसेट बहुधा ५ वॉटचा असतो आणि त्याची बॅटरीही अर्धी झालेली असते. किनाऱ्यावरचा स्थिर संच २५ वॉटचा आणि उंच अँटेनाचा असतो. तुम्ही मध्ये बोललात तर त्या होडीचे ठिकाण तटरक्षकांना ऐकूच जाणार नाही.

म्हणून आधी पेन उचलावे, ऐकू येईल ते जसेच्या तसे लिहावे आणि समन्वय केंद्र उत्तर देते का, याची थोडा वेळ वाट पाहावी. केंद्राने उत्तर दिले तरी १५५४ वर फोन करून आपण काय ऐकले ते सांगावे, कारण त्यांना अर्धवट आणि तुम्हाला स्पष्ट ऐकू आले असण्याची शक्यता असते. कोणीच उत्तर देत नसेल तर मात्र गप्प बसणे हाच दोष ठरतो. अशा वेळी ‘मेडे रिले’ तीनदा म्हणून आपल्या केंद्राचे नाव, मग संकटातील होडीचे नाव, तिचे ठिकाण आणि ऐकलेला मजकूर सांगायचा असतो. यातील ‘रिले’ हा शब्द गळाला, तर ऐकणारे तुम्हालाच संकटात समजतात. ठिकाणाचे चारच आकडे कळले असतील तर चारच द्यावेत. पाचवा अंदाजाने भरू नये.

ठिकाण लिहिताना

उदाहरण म्हणून, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, जीपीएस यंत्रावर पाहून घाईघाईत ‘अठरा, चोपन्न, पाच’ एवढेच म्हणतो असे धरू. त्याला अठरा अंश, चोपन्न पूर्णांक पाच मिनिटे उत्तर अक्षांश सांगायचा असतो, म्हणजे होडी मुंबईच्या कुलाब्याच्या पश्चिमेला आहे. स्वयंसेवक मोबाइलच्या नकाशात १८.५४५ असे भरतो, आणि खूण सुमारे २२ सागरी मैल, म्हणजे ४० किलोमीटर दक्षिणेला, थेट रेवदंड्यासमोर उमटते. दोन्ही ठिकाणी समुद्रच असल्याने नकाशा पाहून कोणाला शंकाही येत नाही. एका अंशात ६० मिनिटे असतात, त्यामुळे साठाच्या पुढचा आकडा आला तर चूक तिथल्या तिथे पकडता येते. चोपन्न मात्र दोन्ही पद्धतींत चपखल बसतो. नोंदवहीत अंश आणि मिनिटे यांचे वेगळे रकाने आखून ठेवावेत आणि ठिकाण परत वाचून दाखवताना ‘अंश’ व ‘मिनिटे’ हे शब्द मुद्दाम उच्चारावेत.

मराठी आकड्यांचीही एक अडचण आहे. खरखरीत पंचवीस आणि पस्तीस, सात आणि साठ यांत कानाची फसगत होते, आणि एकोणसाठ ऐकल्यावर क्षणभर थबकावे लागत नाही असा माणूस विरळा. म्हणून आकडे सुटे सुटे घ्यावेत: पाच, नऊ. समोरचा घाबरलेला असला तरी तुम्ही सुटे आकडे म्हणू लागलात की तोही तसेच बोलू लागतो.

खुणेच्या जागांनीही गोंधळ होतो. कुलाबा म्हणजे मुंबईचे दक्षिण टोक आणि अलिबागसमोरचा किल्लाही. तेव्हा ‘कुलाब्याच्या बाहेर’ असे कळले की कोणता, हे विचारलेच पाहिजे. प्राँग्ज दीपगृह किंवा खांदेरी यांपासूनची दिशा आणि अंतर विचारणे अधिक भरवशाचे असते. होडीच्या नावाचेही तसेच आहे. एकवीरा हे नाव एकाच बंदरात अनेक होड्यांवर सापडेल, म्हणून आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, होडीचा रंग आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे होडीवर माणसे किती, हे विचारावे. माणसांचा आकडा विचारायचा राहून गेला, तर शोध कधी थांबवायचा हे कोणालाच सांगता येत नाही.

संच गप्प का आहे?

तासभर काहीच ऐकू आले नाही, तर समुद्र शांत आहे असे समजण्याआधी संच तपासावा. बहुतेकदा खरखर नको म्हणून कोणीतरी स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारा खटका, इतका वर नेलेला असतो की दुबळे संकेत आत येतच नाहीत. खरखर ऐकू येईपर्यंत तो खाली आणून, ती बंद होते तिथून किंचितच पुढे ठेवावा. काही संचांत आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकी अशा दोन चॅनल-मांडण्या असतात. चुकून अमेरिकी मांडणी लागली तर चॅनल १६ नीट चालते, पण काही इतर चॅनलांवर समोरच्याचे बोलणे येत नाही. आपले कोणालाच ऐकू जात नसेल तर संच १ वॉटवर राहिला आहे का ते पाहावे. आणि चॅनल १६ वर सलग नुसता श्वास किंवा इंजिनाची घरघर येत असेल, तर कोणाच्या तरी माइकचे बटण दाबलेले राहिले आहे; तो आपलाच नाही ना, याची खात्री आधी करावी.

पोच कमी वाटली की वॉट वाढवण्याची मागणी होते, पण व्हीएचएफची पोच मुख्यतः उंचीवर ठरते. होडीत दोन मीटर उंचीवर धरलेले दोन हँडसेट कागदावरच्या हिशेबाने सुमारे ६ सागरी मैलांपर्यंत बोलू शकतात. त्यातील एकाच्या जागी २५ मीटर उंचीची अँटेना आली तर हेच अंतर सुमारे १४ मैल होते. भाऊच्या धक्क्याकडच्या तळमजल्यावरून वर्सोव्याबाहेरची होडी ऐकू येत नाही, कारण मध्ये अख्खे शहर उभे आहे. यावर संच बदलणे हा उपाय नाही. अँटेना जागेवर असूनही पूर्वीइतके ऐकू येत नसेल तर केबलचा जोड उघडून पाहावा. हिरवट थर दिसला तर खाऱ्या हवेने तांबे खाल्ले आहे आणि पाणी केबलच्या आत शिरले आहे, असे समजून तो तुकडाच बदलावा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात हे काम उरकले नाही, तर ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडतात तेव्हाच दोष लक्षात येतो.

लाल बटण

डीएससी, म्हणजे बटणाने डिजिटल हाक देण्याची सोय, असलेल्या संचावरचे लाल बटण चॅनल ७० वरून संकटाचा डिजिटल संदेश पाठवते. त्या चॅनलवर कधीही बोलू नये. संचात नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे नौकेचा रेडिओ ओळख क्रमांक, भरलेला नसेल तर हा संदेश जातच नाही, आणि जीपीएस जोडलेले नसेल तर ठिकाणाविना किंवा जुन्या ठिकाणासह जातो. ठिकाण हाताने भरायचे असल्यास निदान दर चार तासांनी ते नवे करावे लागते. बटण चुकून दाबले गेले तर घाबरून संच बंद करून निघून जाणे ही नेहमीची प्रतिक्रिया असते. योग्य मार्ग म्हणजे चॅनल १६ वर नाव व क्रमांक सांगून संदेश रद्द झाल्याचे जाहीर करणे आणि समन्वय केंद्राला फोन करणे. प्रामाणिकपणे कळवलेल्या चुकीपेक्षा लपवलेली चूक अधिक बोटींना धावायला लावते.

नोंदवही आणि वेळ

नोंद त्याच क्षणी करावी. चुकले तर एक रेघ मारून पुढे लिहावे, खाडाखोड करू नये. आपले घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे १५ ऑगस्टच्या पहाटे दोनची घटना जागतिक वेळेत १४ ऑगस्टच्या २०:३० वाजताची ठरते. कोणतीही एक पद्धत ठेवावी, पण पानाच्या माथ्यावर ती लिहावी. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हा बंदरावरच्या वादळी इशाऱ्याचा निरोपही बंदराचे नाव आणि वेळ यांशिवाय पुढे देऊ नये. कालचा बावटा आज मोबाइलवर फिरत असतो. संकटाचे ध्वनिमुद्रण समूहावर टाकणे तर पूर्ण वर्ज्य, कारण घरच्यांना बातमी तिथूनच कळते.

सर्वांत ढिलाई होते ती न परतलेल्या होडीबाबत. ‘येईल, जाळे अडकले असेल’ असे म्हणत रात्र निघून जाते. होडी निघतानाच परतीची वेळ, होडीवरची माणसे, मालकाचा चालू फोन क्रमांक आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास १५५४ वर कळवायचे, हे वहीत लिहून तांडेलाकडून कबूल करून घ्यावे. ती वेळ झाली की आधी मालकाला आणि शेजारच्या बंदराला विचारावे, उत्तर मिळाले नाही तर त्याच मिनिटाला केंद्राला कळवावे. होडी नंतर सुखरूप परतली तर तेही लगेच कळवावे, म्हणजे शोधायला गेलेले परत बोलावता येतात.