पंपावरून उतरताना पेशंट नीट गरम करा, नाहीतर रक्त थांबत नाही

हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे ऑपरेशनमध्ये हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या पंपावर, नव्याने उभं राहणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय. पुस्तकात हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) एका धड्यात आणि टेंपरेचर दुसऱ्या धड्यात, टेबलावर मात्र दोन्ही एकदमच अंगावर येतात.

सुरुवात सोपी आहे. कॅन्युला (पेशंटला पंपाशी जोडणाऱ्या नळ्या) टाकायच्या आधी हेपारिन, किलोमागे 300 ते 400 युनिट, मग एसीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेबलावरची टेस्ट), 480 सेकंदांच्या वर गेला की पंप सुरू (काही युनिट 400 वर जातात, आपल्याकडचं विचारून घ्या). पण पेशंटला थंड करून 28 डिग्रीवर नेलं की थंडीमुळे आणि प्राइमने (मशीनच्या नळ्यांत आधी भरलेल्या द्रवाने) रक्त पातळ झाल्यामुळेही एसीटी लांबतो, त्यामुळे 600 दिसला म्हणून हेपारिन भरपूर आहे असं धरून बसू नका, दर अर्ध्या तासाने सॅम्पल घ्याच.

खरी कसोटी गरम करताना. ऑक्सिजनेटरमधून (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा मशीनचा भाग) निघणारं रक्त 37 च्या वर न्यायचं नाही म्हणजे नाही, तेच आधी मेंदूला जातं. 30 ओलांडल्यावर आर्टेरियल (पेशंटकडे जाणारं) आणि व्हीनस (पेशंटकडून येणारं) रक्तामध्ये 4 डिग्रीपेक्षा जास्त फरक नको, मिनिटाला अर्धी डिग्री पुरे. सर्जन दहा वेळा विचारतील झालं का गरम, विचारू देत. नाकातला प्रोब 37 दाखवतो तेव्हा ब्लॅडरचा 34 असू शकतो, पायाला हात लावून बघा, गारच लागतात. पंप बंद झाला की ती थंडी आत पसरते आणि पेशंट परत 35 कडे घसरतो.

मग प्रोटामिन (हेपारिनचा उतारा) सावकाश दिलं, पंप सकर (सांडलेलं रक्त ओढून मशीनमध्ये परत नेणाऱ्या नळ्या) वेळेत बंद केले, एसीटी बेसलाइनला (हेपारिनच्या आधीच्या आकड्याला) आला, तरी सुईच्या भोकांतून झिरपतच राहतं, छातीत साचलेल्या रक्तात एक गुठळी नाही. आणि लॅबचा पीटी (रक्त गोठण्याची लॅबमधली टेस्ट) नॉर्मल! कारण लॅब सॅम्पल 37 ला गरम करूनच तपासते. नळीतलं रक्त गरम, पेशंटमधलं गार, आणि गार रक्तात प्लेटलेट नीट काम करत नाहीत, क्लॉटिंग फॅक्टरही मंदावतात.

म्हणून एसी कमी करा, गरम हवेचं ब्लँकेट लावा, कॅल्शियम आणि पीएच बघा. रक्त लागलंच तर ती पिशवी फ्रीजमधून 4 डिग्रीवर आलेली असते, वॉर्मरमधूनच सोडा, तशीच लावलीत तर पेशंट अजून गार होतो आणि अजून वाहतो.