नसबंदीनंतर बोका लगेच बदलत नाही

नसबंदी करून आणलेलं बोक्याचं पिल्लू दुसऱ्याच दिवशी शहाण्यासारखं वागेल, अशी अपेक्षा ठेवू नका. पहिल्या रात्री ते भुलीच्या अमलात झोकांड्या खातं, पलंगाखाली दडून बसतं. घरात दुसरं मांजर असेल तर ते त्याच्या अंगाला आलेल्या दवाखान्याच्या वासावर फिस्कारतं. हे सहसा दोन-तीन दिवसांत निवळतं.

टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाचा परिणाम ओसरायला मात्र काही आठवडे लागतात. तोवर पडद्यावर लघवीचे फवारे मारणं, रात्री दाराशी ओरडणं चालू राहू शकतं. नसबंदी न झालेली मादी घरात असेल तर महिना-दीड महिना दोघांना वेगळं ठेवा. या काळातही ती गाभण राहू शकते.

खेळकरपणा जाईल ही भीती फुकाची. आमचा तर तिसऱ्या दिवशी गळ्यातल्या कॉलरसकट फ्रिजवर! 'सुस्त झाला' म्हणतात ते बहुतेक वेळा वाढलेलं वजन असतं. भूक वाढते, उष्मांकांची गरज घटते. म्हणून वाटी सतत भरलेली ठेवू नका, मोजून घाला. पाठीवरून हात फिरवल्यावर बरगड्या सहज हाताला लागायला हव्यात.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजरांना ती विषच. आणि बोका वाळूत वारंवार बसतोय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.