उपग्रहाच्या उष्णतारोधक आवरणाचे कक्षेतील आयुष्य कसे अजमावावे

उपग्रहाभोवतीचे सोनेरी किंवा चंदेरी आवरण हे धातूचा पातळ मुलामा दिलेल्या प्लॅस्टिक फिल्मचे अनेक थर रचून केलेले असते. त्याचे आयुष्य अजमावताना सर्वांत बाहेरच्या थरावर लक्ष ठेवावे, कारण आतले थर त्याच्या आडोशानेच टिकतात.

प्रथम कक्षा पाहावी. सुमारे २०० ते ७०० किलोमीटर उंचीवर अतिनील किरणांमुळे ऑक्सिजनचे रेणू फुटून सुटे अणू झालेले असतात आणि सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारा उपग्रह त्यांच्यावर सतत आदळत असल्याने त्याची पुढची बाजू सर्वाधिक झिजते. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीच्या भूस्थिर कक्षेत ही झीज जवळजवळ नसते. तेथे विद्युतभारित कणांचा मारा विचारात घ्यावा.

झिजेचा हिशेब गुणाकाराचा आहे. दर चौरस सेंटिमीटरवर मोहिमेच्या काळात आदळणाऱ्या अणूंच्या संख्येला, एका अणूमागे नष्ट होणाऱ्या पदार्थाच्या घनफळाने गुणावे. कॅप्टॉन या आवरणांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या सोनेरी प्लॅस्टिक फिल्मसाठी हे घनफळ ३ गुणिले १० चा उणे २४ वा घात इतके घन सेंटिमीटर धरतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर २००१ ते २००५ या काळात ठेवलेल्या नमुन्यांवर दर चौरस सेंटिमीटरला ८.४३ गुणिले १० चा २१ वा घात इतके अणू आदळले. म्हणजे कॅप्टॉनची झीज सुमारे २५० मायक्रॉन होते. २५ मायक्रॉनची उघडी फिल्म अशा जागी वर्षभरही टिकणार नाही, हे त्यावरून उघड आहे. सौरचक्राच्या, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेतील चढउताराच्या, उच्चांकाच्या काळात वातावरण फुगते, त्यामुळे अणुसंख्या त्या काळासाठी वेगळी काढावी.

मुलामा दिला म्हणून निर्धास्त राहू नये. त्यातील सूक्ष्म छिद्रांतून शिरलेले अणू खालचे प्लॅस्टिक पोखरतात. फिल्मच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम असेल तर आत शिरलेला अणू बाहेर न पडता आतच आपटत राहतो, आणि पोकळी छिद्रापेक्षा कितीतरी रुंद होते. स्थानकाच्या सौरपट्ट्यांच्या पेटीवरील असे आच्छादन वर्षभरातच फाटके ॲल्युमिनियम तेवढे उरण्याच्या अवस्थेला आले होते.

यापुढचा भाग गुणाकारात बसत नाही, आणि माझ्या मते फसगत होते ती येथेच. हबल या अंतराळ दुर्बिणीवरील, आतून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले १२७ मायक्रॉन जाडीचे टेफ्लॉन अणूंच्या झिजेला चांगले तोंड देणारे होते. तरीही १९९७ च्या दुरुस्ती मोहिमेत अंतराळवीरांना त्याला मोठ्या भेगा पडलेल्या दिसल्या. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन व सौरज्वालांच्या क्ष-किरणांनी पदार्थाच्या रेणुसाखळ्या तोडून तो ठिसूळ केला होता, आणि ऊन-सावलीच्या सुमारे ३७ हजार फेऱ्यांतील ताणाने तो तडकला. तुकडा वळून आतले ॲल्युमिनियम उन्हाकडे आले की तापमान २०० अंश सेल्सियसपर्यंत चढू शकते, आणि उष्णतेने साखळ्यांचे तुटणे आणखी वाढते. पुढे तेथे स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यांची आवरणे बसवण्यात आली. म्हणून नमुन्याला आधी किरणोत्साराची मात्रा द्यावी, मग तापमानाच्या फेऱ्यांतून काढावे आणि शेवटी ताणून व वाकवून पाहावे. या चाचण्या वेगवेगळ्या नमुन्यांवर केल्यास एकत्रित परिणाम कळत नाही.

झीज कळावी म्हणून नमुन्याच्या वजनातील घट मोजताना कॅप्टॉन आधी निर्वातात वाळवावा, कारण तो हवेतील आर्द्रता शोषतो. सौर शोषणांक (पृष्ठभाग उन्हाचा किती भाग शोषतो) व उत्सर्जनांक (तो उष्णता किती बाहेर टाकतो) दोन्ही मोजून उष्णतेचा आराखडा मोहिमेच्या अखेरच्या, म्हणजे काळवंडलेल्या पृष्ठभागाच्या, आकड्यांवर करावा.