चंद्राच्या फोटोत अपोलोचा ठिपका शोधताय? या चुका टाळा

जुलैची 20 तारीख, म्हणजे 1969 मध्ये अपोलो 11 चंद्रावर उतरल्याचा दिवस, जवळ आली की माझ्या फोनवर ठरावीक निरोप सुरू होतात. एक राखाडी फोटो, त्यावर लाल गोल, आणि खाली प्रश्न: “काका, हेच ना अपोलो 11?” बहुतेक वेळा तो एखादा धोंडा असतो. कोथरूडच्या आमच्या गच्चीवर रविवारी जमणाऱ्या पोरांना हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक पूर्व-पश्चिमेची. अपोलो 11 उतरलं 0.67 उत्तर, 23.47 पूर्व या जागी. अपोलो 12 उतरलं 3.01 दक्षिण, 23.42 पश्चिम इथे. रेखांशाचे आकडे बघा, जुळी भावंडं वाटावीत. आमच्याकडे इंजिनिअरिंगचा एक मुलगा यायचा. हुशार, पण हात डोक्याच्या पुढे धावणारा. अपोलो 12 शोधताना त्याने दक्षिण अक्षांशाला उणे चिन्ह दिलं, पश्चिम रेखांशाचं विसरला आणि पोचला हायपेशिया विवराच्या परिसरात. खरी जागा तिथून सुमारे 1,400 किलोमीटर पश्चिमेला, वादळांच्या महासागरात, म्हणजे त्या नावाच्या गडद मैदानात. पण गडी तीन रविवार तिथेच खोदकाम करत होता. पहिल्या रविवारी त्याला लँडर, म्हणजे चंद्रावर उतरलेलं यान, सापडला. दुसऱ्या रविवारी शेजारी सर्व्हेअर 3 हे आधीच उतरलेलं मानवरहित यान सापडलं. तिसऱ्या रविवारी तर अंतराळवीरांच्या पायवाटाही दिसल्या, आणि त्यावर बाण काढून पंधरा स्लाइड तयार! “आधी मोठ्या नकाशावर कुठे आहेस ते दाखव” म्हटल्यावर त्याने झूम मागे घेतला, आणि मग बराच वेळ खाली मान घालून चहा प्यायला.

याचा इलाज म्हणाल तर माझी जुनी खोड आहे. कागदाच्या कोपऱ्यात रेखांश दोन्ही तऱ्हांनी लिहायचा: उणे 23.42, आणि 360 मधून वजा करून 336.58. ऑर्बिटरच्या, म्हणजे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या, फोटोंच्या माहितीत बऱ्याचदा पूर्वेकडून 0 ते 360 असेच अंश असतात. चंद्रावर विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे 30 किलोमीटर, त्यामुळे दशांश चिन्हानंतरचा आकडाही आळसाने सोडायचा नाही.

आणि ठिपका शोधूच नका, खुणा शोधा. पेठेतला पत्ता आपण कसा सांगतो? अमक्या मारुतीच्या पुढे, डावीकडच्या बोळात. तसंच इथे. अपोलो 11 साठी आधी वेस्ट नावाचं मोठं, धोंड्यांनी भरलेलं विवर गाठायचं, ज्याच्यावरून आर्मस्ट्राँगने यान पुढे काढलं होतं. नाव वेस्ट असलं तरी ते लँडरच्या पूर्वेला आहे, यावरही लोक दर वर्षी नेमाने फसतात. मग लिटल वेस्ट, साधारण 30 मीटर रुंद. तिथून पश्चिमेला जेमतेम 60 मीटरवर लँडर. आर्मस्ट्राँग त्या विवरापर्यंत लगबगीने जाऊन आला, ती पुसट गडद रेघ चांगल्या फोटोत दिसते. मी विवरांची ही मांडणी बटर पेपरवर पेन्सिलीने काढतो आणि फोटोवर ठेवून फिरवतो. पोरं हसतात. हसू देत.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या नावावर आहे. एका पावसाळ्यात हॅडली दरीजवळचा, म्हणजे अपोलो 15 च्या भागातला फोटो मोठ्या कागदावर छापून जेवणाच्या टेबलावर पसरला होता. मला त्यात एक सुबक टेकाड दिसलं. दोन संध्याकाळी पट्टी घेऊन त्याची मापं काढली, वहीत चित्रही काढलं. तिसऱ्या दिवशी सौ. समोरच्या खुर्चीत मेथी निवडायला बसली आणि म्हणाली, “अहो, या खड्ड्याचं एवढं काय मोजताय?” मी उठून तिच्या बाजूला गेलो. उपडी वाटी क्षणात उताणी झाली!

कारण साधं आहे. उजेड वरून येतो असं आपला मेंदू धरूनच चालतो. अपोलो 15 ची जागा 26 अंश उत्तरेला. तिथे दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं, आणि उत्तर वर ठेवून छापलेल्या कागदावर दक्षिण म्हणजे खालची बाजू. त्यात कच्च्या फोटोंचा आणखी घोळ असतो: कधी उत्तर खाली, कधी डावं-उजवं उलटं. म्हणून आता छापल्या छापल्या पहिलं काम म्हणजे लाल पेन्सिलीने उन्हाचा बाण. मग खूण अशी: उंच वस्तूची उन्हाकडची बाजू उजळ, आणि सावली पलीकडे जमिनीवर पडलेली. विवरात नेमकं उलट, उन्हाकडची भिंत काळोखी आणि समोरची उजळ. लँडर या परीक्षेत पास व्हायलाच हवा.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाचा रुंद टप्प्याचा कॅमेरा साधारण 100 मीटरला एक पिक्सेल देतो. त्यात कितीही झूम केलंत तरी लँडर मिळणार नाही. अरुंद टप्प्याच्या कॅमेऱ्याचे, 50 किलोमीटर उंचीवरून अर्ध्या मीटरला एक पिक्सेल असे फोटो उघडा. चांद्रयान-2 चा ओएचआरसी कॅमेरा 100 किलोमीटरवरून पाव मीटरपर्यंत जातो.

चार पायांचं अख्खं यान शोधू नका. वरचा भाग अंतराळवीरांना घेऊन उडाला. मागे राहिली ती खालची बैठक, सुमारे चार मीटरची, म्हणजे अर्ध्या मीटरच्या फोटोत आठेक पिक्सेल.

झेंडाही शोधत बसू नका, त्याची सावली शोधा. अपोलो 12, 16 आणि 17 च्या जागी ती दिसली आहे. अपोलो 11 चा झेंडा उड्डाणाच्या झोतात पडल्याचं खुद्द त्या मोहिमेतल्या ऑल्ड्रिननेच सांगितलंय.

गच्चीवरच्या आठ इंची दुर्बिणीतून हे दिसेल का, असं कृपया विचारू नका. तिला चंद्रावरचं किलोमीटरभराचं विवर दिसलं तरी पुष्कळ. लँडरचा नुसता आकार ओळखायला साठेक मीटर व्यासाची दुर्बीण लागेल. अवकाशातल्या हबल दुर्बिणीलाही ते जमत नाही.

आणि ते फोटो “स्पष्ट करून देणारं” ॲप! शाळेच्या प्रदर्शनासाठी एकीने आठ पिक्सेलचा ठिपका त्यात घातला, तर ॲपने शिडी काढून दिली, खिडकीही काढून दिली. ती शिडी ॲपच्या पोटातली, चंद्रावरची नाही. पिक्सेल दिसत असतील तर दिसू द्या.

एकाच फोटोवर निकाल देणं हा उतावळ्यांचा आवडता शॉर्टकट. मी त्याच जागेचे निदान तीन फोटो घेतो, सकाळचा, दुपारचा आणि संध्याकाळचा. सकाळी लँडरची सावली पश्चिमेला लांब पडते, संध्याकाळी पूर्वेला. दुपारी सावली आखडते, पण पायांनी उकरलेली माती गडद दिसते आणि वाटा उठून येतात. चांद्रयान-2 च्या कोसळलेल्या विक्रम लँडरचे अवशेष 2019 मध्ये चेन्नईच्या एका अभियंत्याला सापडले तेही असेच, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून, पिक्सेलला पिक्सेल ताडून.

तो इंजिनिअरिंगवाला मुलगा पुढच्या महिन्यात परत आला. या वेळी वादळांच्या महासागरातून. हिममानवासारखी विवरांची रांग त्याने आधी दाखवली, मग लँडर, मग सर्व्हेअर विवराच्या कडेने गेलेली वाट, आणि दीडशे-एक मीटरवर 1967 पासून उभं असलेलं सर्व्हेअर 3. स्लाइड एकच होती. आता तो अपोलो 14 च्या मागे लागलाय. वहीत 17.47 लिहिलंय आणि त्यापुढचं उणे चिन्ह लाल पेनने दोनदा गिरवलंय.