हॅमस्टरचे घर: आधी जमीन, मग सामान

हॅमस्टरचे घर मांडताना बहुतेक लोक वरून खाली येतात. आधी रंगीत मजले, शिड्या आणि प्लॅस्टिकच्या नळ्या घेतल्या जातात आणि मग तळाशी मूठभर भुसा पसरला जातो. हा क्रमच मुळात उलटा आहे, कारण उंदरासारखा हा छोटा प्राणी जमिनीखाली राहणारा आहे. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सिरियन हॅमस्टरचे रानातले भाईबंद सिरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवरील शेतांत राहतात. तेथे खणून मोजलेल्या त्यांच्या बिळांची खोली सरासरी ६५ सेंटिमीटर भरली आणि सर्वांत खोल बीळ तर मीटरभराच्याही खाली गेलेले होते. दिवस अशा अंधारात काढणाऱ्या जिवाला उघड्या जाळीत ठेवायचे आणि वर ‘हा फार चिडका आहे’ अशी तक्रार करायची, हे मला आता ऐकवत नाही.

पहिले काम पेटीचे. तळ सलग आणि किमान १०० बाय ५० सेंटिमीटरचा हवा, उंची किमान ५० सेंटिमीटर हवी आणि वर हवा खेळेल असे जाळीचे झाकण हवे. मजल्यांची बेरीज करून जागा मोजू नये. हॅमस्टरची नजर अधू असते, उंचीचा अंदाज त्याला येत नाही आणि वरच्या मजल्यावरून तो सरळ खाली पडतो. मला स्वतःला काचेची टाकी सर्वांत सोयीची वाटते, कारण तिच्यात बेडिंग, म्हणजे खणायला तळाशी घालायचा भुसा किंवा कागदी भर, काठोकाठ भरता येते आणि चावायला गज नसतात. एका घरात एकच हॅमस्टर ठेवावा. सिरियन जातीत तर याला अपवाद नाही, मग ती भावंडे का असेनात; वयात आल्यावर ती एकमेकांना जिवे मारण्यापर्यंत जातात.

जागा निवडताना थेट ऊन, दूरदर्शन संच आणि धुण्याचे यंत्र टाळावे. हॅमस्टरला आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वरही ऐकू येतात, त्यामुळे आपल्याला शांत वाटणारा कोपरा त्याच्यासाठी शांत असेलच असे नाही. तापमान १८ ते २४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहील असे पाहावे.

आता बेडिंग. माझे पहिले वर्ष याच पायरीवर वाया गेले, म्हणून येथे जरा थांबतो.

माझा पहिला हॅमस्टर पाच सेंटिमीटर भुशावर राहत असे आणि रात्री दोनच्या सुमारास गज चावायला बसत असे. तो एकसुरी कर्रकर्र आवाज मी ‘दात झिजवतो आहे’ असे समजून सोडून देत होतो. त्याच्या नाकावरचे केस घासून जाऊन खालची गुलाबी कातडी दिसू लागली, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस प्रयोगात हॅमस्टरांना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर बेडिंगवर ठेवून पाहिले गेले. १० सेंटिमीटरवाले सर्वाधिक गज चावत होते आणि ८० सेंटिमीटरवाल्यांपैकी एकही गज चावताना आढळला नाही. तेव्हा गज चावणाऱ्या हॅमस्टरला चघळायला लाकूड देऊन गप्प करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. त्याला लाकूड नको आहे, खणायला जमीन हवी आहे.

ही चूक सुधारताना मी दुसरी केली. पेटीत तीस सेंटिमीटर बेडिंग ओतले आणि वरून हात फिरवून सपाट केले. दिसायला ते ढगासारखे सुंदर दिसत होते, पण हॅमस्टर खणायचा, मागे बीळ ढासळायचे आणि तो पुन्हा पृष्ठभागावर यायचा. तीन रात्रींनंतर त्याने खणणे सोडून दिले. नुसती खोली पुरत नाही, बेडिंगला घट्टपणा लागतो. तो असा आणावा: कागदी बेडिंगचा आठ-दहा सेंटिमीटरचा थर टाकावा, तळहाताने दाबून जवळजवळ निम्मा करावा, त्यावर वाळलेल्या लांब गवताच्या काड्या आडव्या-उभ्या पसराव्यात आणि पुन्हा बेडिंगचा थर टाकून दाबावा. गवताच्या काड्या छताला तुळयांसारखा आधार देतात. दाबलेली खोली पेटीच्या एका बाजूला किमान २५ ते ३० सेंटिमीटर भरेपर्यंत थर चढवत जावे आणि दुसऱ्या बाजूला उतार देऊन खोली कमी ठेवावी. दाबल्यावर माल बसतो, त्यामुळे डोळ्यांना पुरेसा वाटतो त्याच्या दुप्पट आणावा. शेवटी तीन बोटे जोडून खोल खुपसावीत आणि सावकाश बाहेर काढावीत. भोक जसेच्या तसे राहिले तर बीळ टिकेल. कडा आत कोसळल्या तर पुन्हा दाबायला घ्यावे. घट्ट बसावे म्हणून पाणी शिंपडण्याचा सल्लाही मी ऐकला आहे. तसे केल्यास आतून बुरशी धरते.

बेडिंग कागदाचे किंवा अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाच्या लाकडाच्या किसाचे घ्यावे. देवदार-चीड जातीचा सुवासिक किस आपल्या नाकाला छान लागतो, पण त्यातील बाष्पशील द्रव्ये हॅमस्टरच्या श्वसनाला बाधतात. बारीक धुळकट भुसा आणि सुगंधी बेडिंगही त्याच कारणाने वर्ज्य आहे.

याच पायरीवरची तिसरी चूक मात्र जिवावर बेतणारी होती. सगळे घट्ट, नीट भरून झाल्यावर मी वर लाकडाचे जड घर ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर ते एका कुशीवर कलून अर्धे आत गेलेले. हॅमस्टरने नेमके त्याच्या खाली भुयार पोखरले होते आणि छत खचले होते. सुदैवाने तो दुसऱ्या तोंडाने बाहेर निघाला होता, पण त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. चाक, वाळूचे भांडे, घर यांपैकी जे जे जड असेल ते पेटीच्या तळाला टेकणाऱ्या पायांच्या फळीवर ठेवावे आणि ती फळी बेडिंग भरण्यापूर्वीच उभी करावी. नंतर पाय खुपसून काम भागत नाही, मी करून पाहिले आहे.

काचेलगत पुठ्ठ्याची नळी तिरकी खोवून सुरुवातीचे बीळ तयार करून द्यावे. ती नळी तळ नसलेल्या, दोन-तीन कप्प्यांच्या लाकडी घरात उघडली तर फारच उत्तम. घरट्यासाठी बिनवासाच्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या पुरतात. कापसासारखे मऊ म्हणून विकले जाणारे तंतू अजिबात देऊ नयेत; ते पायांना गुंडाळले जातात आणि पोटात गेल्यास आतड्यात अडकतात.

चाक सिरियन हॅमस्टरसाठी किमान २८ आणि बुटक्या जातींसाठी किमान २० सेंटिमीटर व्यासाचे, सलग पृष्ठभागाचे असावे. धावताना पाठ कमानीसारखी वाकत असेल तर चाक लहान आहे. वाळूचे भांडे त्याला त्यात लोळता येईल एवढे मोठे असावे. वाळू धूळविरहित असावी, चिंचिला या प्राण्यासाठी विकली जाणारी भुकटी नसावी. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी दररोज बोटाने हलवून पाहावी, ती अडकते. दाणे वाटीत घालण्यापेक्षा पेटीभर विखरून टाकावेत.

आणल्यावर तीन-चार दिवस त्याला दाणापाण्यापुरतेच भेटावे.

राहता राहिली सफाई. आठवड्याला सगळे बेडिंग फेकून पेटी साबणाने घासावी, हा सल्ला इतका पसरला आहे की त्यावर चिडण्यातही आता दम राहिलेला नाही. हॅमस्टर आपले घर वासाने ओळखतो. सगळा वास एकदम पुसला, की त्याच्या दृष्टीने ते परके घर होते आणि तो पुन्हा खुणा करत, घाबरत फिरू लागतो. ओला कोपरा दोन-तीन दिवसांनी काढावा आणि वाळू चाळावी. बरेच हॅमस्टर लघवी वाळूतच करतात, त्यामुळे निम्मे काम तेथेच होते. महिना-दोन महिन्यांनी फार तर तिसरा हिस्सा बदलावा आणि जुने कोरडे बेडिंग नव्यात मिसळावे. बिळातला दाण्यांचा साठा लुटू नये. काकडीसारखे ओले काही साठवलेले दिसले, तर तेवढेच उचलावे.

घर जमले की नाही, हे पाहायचे असेल तर संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी पांढऱ्या टिश्यू पेपरची एक पट्टी ठेवावी. सकाळी ती नाहीशी झालेली असेल आणि शेजारी उकरलेल्या बेडिंगचा ढीग दिसत असेल, तर तो खाली स्थिरावला आहे. ती कुठे नेली, हे पाहण्यासाठी बीळ उघडू नये.