मात्सुमोतोला जायचं तर मुक्कामानेच जा

आमच्या टोकियोच्या घरी पुण्याहून पाहुणे आले, की त्यांच्या यादीत क्योतो, हिमेजी ठरलेलं असतं. मी त्यात मात्सुमोतो हे किल्ल्याचं गाव घालायला लावते आणि एकच अट घालते: रात्री तिथेच राहायचं. सकाळी जाऊन संध्याकाळी परतलात तर किल्ला बघून होतो, पण गाव राहून जातं.

शिंजुकूहून ‘आझुसा’ एक्स्प्रेसने साधारण अडीच-पावणेतीन तास लागतात. सगळे डबे आरक्षित असतात, त्यामुळे जागा आधीच घेऊन ठेवा, तीही डाव्या खिडकीची. हवा स्वच्छ असेल तर वाटेतल्या कोफू शहराच्या आसपास त्या बाजूला फुजी दिसतो. नागोयाहून येणाऱ्यांसाठी ‘शिनानो’ आहे, दोनेक तासांची.

पोचल्या दिवशी किल्ल्यात शिरण्याची घाई करू नका. स्टेशनपासून किल्ला चालत वीस मिनिटांवर आहे. वाटेत नाकामाची गल्लीत रेंगाळा. आगीला तोंड देतील अशा जाड भिंतींची जुनी गोदामं, त्यांवर काळ्या फरश्यांमधून उठून दिसणाऱ्या पांढऱ्या चुन्याच्या तिरप्या रेघा. आता त्यांत दुकानं आहेत. गावात ठिकठिकाणी झऱ्याचं पाणी वाहतं, गेंची विहिरीवर तर लोक कॅन घेऊन येतात. तुम्हीही बाटली भरा, पाणी गार आणि गोड आहे. अंधार पडताना खंदकाला एक फेरी मारा.

दुसऱ्या दिवशी साडेआठला, दार उघडतानाच किल्ल्यात जा. गर्दी वाढली की आत जिन्यांवर रांगा लागतात. आपल्याला किल्ला म्हटला की आधी चढण आठवते. हा मात्र सपाटीवरचा, खंदकाच्या भरवशावर उभा राहिलेला. इथला सरदार इशिकावा काझुमासा आणि त्याचा मुलगा यासुनागा यांनी १५९३-९४च्या सुमारास मुख्य मनोरा उभारला. बाहेरून पाच मजले मोजता येतात, आत सहा आहेत. तिसऱ्याला खिडक्याच नाहीत, त्यामुळे शत्रूला तो कळत नसे. त्या काळोखात क्षणभर थांबा.

बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. गुळगुळीत लाकडावर पातळ नायलॉनचे मोजे घसरतात, म्हणून जाड सुती घाला आणि पाठीला छोटी सॅक लावा, म्हणजे एक हात मोकळा राहील. चौथ्या-पाचव्या मजल्यामधला जिना ६१ अंशांत उभा आहे, पायऱ्या जवळजवळ गुडघ्याला येतात. उतरताना तोंड जिन्याकडे करून उतरा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना मी वर नेलंच नाही. त्या आतल्या बागेत बाकावर बसून समोरचा मनोरा निवांत बघत होत्या. वयस्कर माणसांना असंच सांगा, त्यांचं काही बुडत नाही.

भिंतींतल्या जंग्या, खाली दगड टाकायच्या फटी बघत खाली आलात की चंद्र पाहण्यासाठी बांधलेली सज्जाची खोली लागते. ती चाळीसेक वर्षांनंतरची, लढाया थांबल्यावरची. तिन्ही बाजू उघड्या, कठडा लाल, बचावाची सोय एकही नाही. युद्धासाठी आणि शांततेसाठी बांधलेलं असं एकमेकांना चिकटून उभं आहे, म्हणून मला हा किल्ला सगळ्यांत आवडतो. १८७२मध्ये हा मनोरा लिलावात विकला गेला होता. इचिकावा र्‍योझो या स्थानिक माणसाने किल्ल्यातच प्रदर्शनं भरवून पैसे जमवले आणि तो वाचवला. बाहेरच्या फळ्यांवरचं काळं लाखरोगण आजही दरवर्षी नव्याने चढवतात.

शाकाहारी असाल तर सोबा जपून मागा: नूडल्स बकव्हीटच्या असल्या तरी सोबतच्या सॉसमध्ये बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. दुकानदाराला ‘कात्सुओबुशी’ (हाच तो सुका मासा) आहे का, एवढं विचारा. ‘ओयाकी’ म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरलेला गोळा, त्यात भोपळ्याचं किंवा अझुकीचं (लाल घेवड्यासारख्या बारीक कडधान्याचं) गोड सारण मागून घ्या.

आणखी एक रात्र हाताशी असेल तर कामिकोची हे डोंगरांमधलं खोरं सोडू नका. मात्सुमोतोहून शिन-शिमाशिमापर्यंत छोटी रेल्वे, पुढे तासाभराची बस. खासगी गाड्यांना तिथे बंदी आहे. एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच ते खुलं असतं. कडक उन्हाळ्यातही स्वेटर बरोबर ठेवा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून घ्या.